पंखाचा कोन आणि ओट्याचा ग्रॅनाइट

पिंपळे सौदागर,
रविवार

प्रिय सखे,

तुझा व्हॉइस मेसेज कंपनीच्या बसमध्ये ऐकला. नाशिक फाट्याला सुरू केला तो मोशीला संपला. ट्रॅफिक किती होतं आणि तू किती बोललीस, दोन्हीचा अंदाज कर. श्टुटगार्टला जाऊन एवढी वर्षं झाली, पण बोलण्याचा वेग अजून गव्हर्नमेंट पॉलिटेक्निकच्या कॅन्टीनमधलाच आहे.

मला समजलं ते असं. लेकाचं विमान थ्रॉटल दिला की नाक वर करतं, चढतं, मग हवेत थबकतं, नाक खाली टाकतं, वेग घेतं आणि पुन्हा तोच खेळ. त्यावर घरातल्या कर्त्या पुरुषाने पंखाच्या पुढच्या कडेखाली पुठ्ठा सरकवला, "लिफ्ट वाढेल" म्हणून. विमान जास्तच नाचायला लागलं. मग तुला आठवण झाली की आपली एक मैत्रीण आयुष्यभर कोन मोजायचेच पैसे घेते.

एका ओळीचं उत्तर आहे: पुठ्ठा काढा. पण एका ओळीवर तुझं समाधान होत नाही, रात्री फोन करून "पण का?" म्हणून विचारशील. म्हणून हे पत्र. चहा घेऊन बस.

माझा या विमानांशी संबंध भाच्यामुळे. तो एनसीसीच्या एअर विंगला होता. तिथे एरोमॉडेलिंग चांगलं गंभीरपणे शिकवतात, वायुसैनिक कॅम्पला त्याच्या स्पर्धाही असतात. त्याचं बाल्साचं सामान आमच्या हॉलमध्ये पसरलेलं असायचं आणि मोजायचं काम आलं की "मावशी, जरा बघ ना." मी चाकणला दिवसभर मेट्रॉलॉजी रूममध्ये जॉबचे कोन तपासते, घरी येऊन पंखाचे तपासायचे. त्यातून मला जे कळलं ते बरेच जण उलटं समजतात, तुझ्या घरातल्यांसकट.

तू पंख धडावर दोन अंशांवर बसव नाहीतर चार अंशांवर, हवेत पंख स्वतःला हवा तोच कोन घेतो. धडाच्या मधल्या रेषेशी पंख जो कोन करतो तो इन्सिडन्स. समोरून येणाऱ्या हवेशी तो जो कोन करतो तो अँगल ऑफ अटॅक. पहिला तू गोंद लावून ठरवतेस. दुसरा वजन आणि वेग मिळून ठरवतात. गणित साधं आहे: सरळ उडताना उचल वजनाएवढीच लागते, ना कमी ना जास्त, आणि उचल वेगाच्या वर्गाप्रमाणे वाढते. तेव्हा सव्वा किलोचं विमान ताशी ४० किलोमीटरने सरळ जात असेल तर त्याच्या पंखाला एक ठरावीक कोन लागेल. वेग दुप्पट झाला की तेवढ्याच उचलीसाठी पंखाकडून चौथा हिस्साच काम हवं, म्हणून कोन आपोआप कमी होतो. यात तुझ्या पुठ्ठ्याला कुणी विचारत नाही.

मग पुठ्ठ्याने फरक कसा पडला? शेपटीमुळे. शेपटी धडाला पक्की चिकटलेली आहे. पंखाची पुढची कड उचललीस म्हणजे पंख आणि शेपटी यांच्यामधला कोन वाढवलास. त्या दोघांतल्या फरकाला डेकलाज म्हणतात आणि सगळी गंमत तिथे आहे. डेकलाज वाढला की विमान कमी वेगावर, पंखाच्या मोठ्या कोनावर स्थिरावायला बघतं. मोटर मात्र वेग देतच असते. जास्तीचा वेग मिळाला की ते चढतं, चढता चढता वेग गमावतं, स्टॉलच्या, म्हणजे उचल तुटण्याच्या काठावर येतं, नाक टाकतं. तुमचं विमान आधीच हा खेळ करत होतं आणि तुम्ही त्याला वर बक्षीस दिलंत. पंख आणि शेपटी दोन्ही एकसारखे दोन अंश वर केले असतेत तर उड्डाणात जवळजवळ काहीच बदललं नसतं. धड दोन अंश नाक खाली घालून चाललं असतं आणि मोटरचा रोख तेवढा खाली झाला असता, बस.

शेपटीचा कोन पंखापेक्षा कमी का ठेवायचा, हे मला भाच्याच्या पुस्तकातल्या बाणांच्या आकृत्यांनी नाही कळलं, टक्केवारीने कळलं. समज, उचल शून्य होते त्या स्थितीपासून मोजलं तर पंख चार अंशांवर काम करतोय आणि शेपटी एक अंशावर, आणि दोघांचा तोल बरोबर जमलाय. खालून वाऱ्याचा झोत आला, नाक दोन अंश वर गेलं. पंख चाराचा सहा झाला, म्हणजे दीडपट. शेपटी एकाची तीन झाली, म्हणजे तिप्पट! शेपटी जिंकते, मागची बाजू वर उचलते, नाक खाली येतं. नाक खाली गेलं तर हेच उलटं. ना जायरो, ना सर्किट, फक्त तीन अंशांचा फरक. (शेपटीला पंखाने खाली ढकललेली हवा मिळते, त्यामुळे खरे आकडे वेगळे असतात. पण तत्त्व हेच.)

हे करून दाखवलं आल्फाँस पेनो नावाच्या एका तरुण फ्रेंच माणसाने. १८७१ साली पॅरिसच्या त्युलेरी बागेत त्याने रबराच्या पिळावर चालणारं छोटं विमान उडवलं. मागे पंखा, त्याच्या पुढे शेपटी, आणि शेपटी पंखापेक्षा मुद्दाम खालच्या कोनावर बसवलेली. ते ११ सेकंद आपलं आपण सरळ उडालं. राइट बंधूंच्या लहानपणी वडिलांनी त्यांना जे उडतं खेळणं आणून दिलं, तेही पेनोच्याच धर्तीचं. पेनो बिचारा तिशीत गेला, १८८० मध्ये, जीव देऊन. पैसे उभे राहिले नाहीत, लोकांनी हसण्यावारी नेलं. तुझ्या लेकाला हे सांग, म्हणजे आपल्या फोमच्या विमानाचा पणजोबा कोण ते त्याला कळेल.

आता कामाचं. मोजल्याशिवाय एकही पट्टी, पुठ्ठा, आइस्क्रीमची काडी पंखाखाली घालायची नाही. आमच्याकडे कोणी नवीन ट्रेनी आला की तो आधी मापाला धावतो, आणि मी त्याला विचारते: डेटम, म्हणजे मापाची मूळ रेषा, कुठला? विमानाला तर डेटम म्हणून डोळ्यांना दिसणारी रेषाच नसते. धड वर गोल, खाली गोल, मागे निमुळतं. प्लॅनवर धडाच्या मधून एक रेषा काढलेली असते आणि लिहिलेलं असतं "पंख +२". रेडिमेड फोमच्या विमानाबरोबर तोही प्लॅन येत नाही. म्हणून मी धडाचा नाद सोडून दिला. शेपटी शून्य धरायची. आपल्याला पंख आणि शेपटीतला फरकच हवा आहे ना, मग धडाला मध्ये कशाला घ्यायचं?

त्यासाठी सपाट जागा लागते. आमच्या मेट्रॉलॉजी रूममध्ये ग्रॅनाइटची सरफेस प्लेट आहे. ती घरी आणता येत नाही, पण पिंपळे सौदागरमध्ये प्रत्येक टू बीएचकेच्या स्वयंपाकघरात ग्रॅनाइटचा ओटा असतो, आणि मॉडेल विमानासाठी तो पुरेसा सपाट असतो. आम्ही पंखांची सगळी मोजमापं ओट्यावरच केली, कुकर बाजूला सरकवून. तुमच्याकडे लाकडी काउंटर असेल तर काचेचं टेबल घे. लाकडावर विश्वास ठेवू नकोस.

विमान ओट्यावर पुस्तकांच्या आधाराने असं टेकव की शेपटीची पुढची आणि मागची कड ओट्यापासून अगदी सारख्या उंचीवर येईल. शेपटी सपाट पट्टीची असेल तर हे सोपं आहे. एलिव्हेटर, म्हणजे शेपटीची मागची हलणारी पट्टी, मात्र सरळ रेषेत हवा, नाहीतर सगळं माप चुकेल. आता पंखाच्या मुळाशी पुढच्या कडेचं टोक ओट्यापासून किती मिलिमीटर आणि मागच्या कडेचं किती, ते मोज. साधी स्टीलपट्टी चालेल, हाइट गेज असेल तर मजा. वजाबाकी कर, पंखाच्या रुंदीने, म्हणजे कॉर्डने भाग, ५७ ने गुण. उत्तर अंशात येतं. उदाहरणार्थ पुढे ११८, मागे १०९, फरक ९ मिलिमीटर, कॉर्ड २२०. नऊ भागिले दोनशे वीस गुणिले सत्तावन्न, म्हणजे सव्वादोन अंशांच्या थोडं वर. आपल्याला पॉलिटेक्निकला साइन बार आणि स्लिप गेज घेऊन हेच करायला लावायचे. शंभर मिलिमीटरच्या साइन बारवर अडीच अंश हवा असेल तर ४.३६ मिलिमीटरची स्लिप रचायची. तुझ्या स्लिप नेहमी चिकटलेल्या निघायच्या, आठवतं?

उलटं गणित जास्त कामाचं आहे. कॉर्डला ५७ ने भागलंस की एका अंशाला किती मिलिमीटर ते कळतं. २२० च्या कॉर्डला जेमतेम ४ मिलिमीटर. म्हणजे एक मिलिमीटरचा प्लायचा तुकडा पाव अंश, दोन मिलिमीटरचा अर्धा. तुमच्या पुठ्ठ्याच्या घडीची जाडी मोज, किती घोळ घातलाय ते लगेच कळेल.

यात एक फसवी जागा आहे, आणि ती मला फार आवडते, कारण तिथे अनुभवी लोकही एकमेकांशी तावातावाने भांडतात आणि दोघंही बरोबर असतात. शिकाऊ विमानांचा पंख बहुतेकदा खालून सपाट असतो. क्लार्क वाय नावाचा जुना एअरफॉइल आहे, १९२२ चा, अजूनही हजारो मॉडेलांवर तो किंवा त्याचे भाऊबंद दिसतात. लोक त्याच्या सपाट तळाला पट्टी लावतात आणि म्हणतात इन्सिडन्स शून्य. पण कॉर्डची रेषा पुढच्या कडेच्या टोकापासून मागच्या कडेपर्यंत जाते, आणि क्लार्क वायचं नाक तळाच्या रेषेपेक्षा कॉर्डच्या साडेतीन टक्के वर असतं. २२० च्या पंखाला ते साडेसात मिलिमीटरच्या पुढे जातं. म्हणजे तळाने शून्य तोच पंख कॉर्डने दोन अंश! एक म्हणतो माझं विमान शून्यावर उडतं, दुसरा म्हणतो माझं दोनावर, आणि दोघांची विमानं सारखीच. तेव्हा कोणी आकडा सांगितला की आधी विचार, कुठून कुठपर्यंत मोजलं. मी वर सांगितलेलं माप टोकापासून टोकापर्यंतचं, म्हणजे कॉर्डचं आहे.

साधारण आकडे म्हणशील तर क्लार्क वायसारख्या पंखाच्या शिकाऊ विमानाला कॉर्डने मोजून दोन ते तीन अंश, शेपटी शून्य. कसरतीच्या विमानाचा पंख वरून-खालून सारखा असतो. त्यांना पंख शून्य, शेपटी शून्य, मोटर शून्य लावतात, कारण त्यांना उलटं उडतानाही तसंच वागायचं असतं. (मग त्यांचा तोल कसा राहतो? सरळ उडताना त्यांचा एलिव्हेटर किंचित वर असतो आणि पंखाने खाली ढकललेली हवा शेपटीवर येते. फरक असतोच, फक्त चिकटवलेला नसतो.)

फोनवरचं कोन मोजायचं अ‍ॅप वापरलंस तरी हरकत नाही. फक्त त्याच्या शून्यावर विश्वास ठेवू नकोस. फोन ठेव, वाचन घे, फोन १८० अंशांत फिरवून त्याच जागी ठेव, पुन्हा घे. दोन्ही वाचनांच्या फरकाचा निम्मा म्हणजे खरा कोन, बेरजेचा निम्मा म्हणजे फोनची स्वतःची खोट. चिन्हं नीट लिहून ठेव. स्पिरिट लेव्हलही अशीच तपासतात. खऱ्या विमानांनाही हे चुकत नाही. त्यांच्या रिगिंगच्या तपासणीत पंखाखाली ठरावीक ठिकाणी इन्सिडन्स बोर्ड धरून इन्क्लिनोमीटरने कोन घेतात, उजवा-डावा पडताळून पाहतात. आपले कॅप्टन अमोल यादव आठवतात ना, ज्यांनी कांदिवलीत चारकोपला राहत्या इमारतीच्या गच्चीवर सहा आसनी विमान बांधलं? ते विमान २०१६ साली मुंबईत मेक इन इंडियाच्या प्रदर्शनात मांडलं होतं, आणि पुढच्या वर्षी डीजीसीएने त्याची नोंदणी केली. पेपरांनी सगळी हिंमतीची गोष्ट छापली, रास्तच होतं. पण मला मात्र तेव्हा एकच विचारायचं होतं की गच्चीच्या उतारावर तुम्ही शून्य कुठे धरलंत. आपल्याकडच्या गच्च्या पाणी वाहून जायला मुद्दाम उताराच्या करतात, गं!

मोठ्या विमानांची गंमत सांगते. इंग्लंडच्या व्हिटली नावाच्या बॉम्बरचं डिझाइन झालं तेव्हा त्याला फ्लॅप नव्हते. कमी वेगात उतरता यावं म्हणून पंख साडेआठ अंशांवर बसवून टाकला. फ्लॅप नंतर आले, पण पंखाचा कोन तसाच राहिला. परिणाम काय, सगळी विमानं दुसऱ्या महायुद्धात जन्मभर नाक खाली घालून उडाली, काहीतरी हरवलेलं शोधत असल्यासारखी. पंखाने हवा तो कोन घेतला, धडाला खाली वाकावं लागलं, आणि वाकडं धड हवेत ओढत नेण्यात इंधन गेलं. मी जे मघापासून सांगतेय त्याचा याहून मोठा पुरावा मला सापडलेला नाही. दुसरं टोक म्हणजे अमेरिकेचं क्रुसेडर, विमानवाहू जहाजांवरचं. त्याचा अख्खा पंख उतरताना आणि उड्डाण घेताना सात अंश वर उचलला जायचा. कशासाठी? धड आडवंच राहावं म्हणून, म्हणजे वैमानिकाला समोरचं जहाज नाकाआड जात नाही. फ्रेंचांनी ती १९९९ पर्यंत वापरली. आणि तू पुढच्या वेळी मुंबईला येताना विमान वर स्थिरावल्यावर पुढे चालत जाऊन बघ, किंचित चढण लागते. ट्रॉली ढकलणाऱ्या मुलींना विचार!

एक अपवाद मात्र कबूल करायला हवा: जमीन. चाकांवर पळताना धडाचा कोन चाकं ठरवतात, त्यामुळे तिथे इन्सिडन्स थेट पंखाला लागतो. नाकाचं चाक आखूड असेल तर पंख हवेला वाकून नमस्कार करतो आणि विमान धावपट्टी संपली तरी उठत नाही. इथल्या इंजिनिअरिंग कॉलेजांतली पोरं अमेरिकेतल्या एसएई एरो डिझाइनसारख्या स्पर्धांना वजन उचलणारी विमानं बनवून नेतात, त्यांची बरीचशी डोकेफोड या चाकांच्या उंचीवर असते. तुमचं विमान हाताने फेकून सोडता, तुम्हाला ही काळजी नाही.

तर आता तुमच्या विमानाचं काय करायचं. आधी सीजी, म्हणजे गुरुत्वमध्य. पंखाच्या पुढच्या कडेपासून कॉर्डच्या पाव ते एक तृतीयांश अंतरावर दोन बोटांवर विमान तोललं पाहिजे, बॅटरी आत ठेवून. माहितीपत्रकात जागा दिली असेल तर तीच घ्या. सीजी पुढे असेल तर जास्त डेकलाज लागतो, मागे असेल तर कमी. हे दोघं जोडीने चालतात, एकाला हलवलं की दुसऱ्याला विचारावं लागतं. तुम्ही बॅटरी बदलली असं तू सांगितलंस. नवी जड आहे की हलकी, आणि कुठे सरकवली, ते बघ. माझा संशय तिथेच आहे. नाक जड झालं असेल तर कोणीतरी एलिव्हेटर वर ट्रिम केला असेल, आणि थ्रॉटलवर विमान चढणारच.

मग विमान उंचीवर नेऊन थ्रॉटल बंद कर आणि घसरू दे. मोटर बंद असताना छान, सरळ, एका लयीत उतरतं आणि थ्रॉटल देताक्षणी नाक उचलतं? मग पंखाला हात लावू नका, दोष मोटरच्या रोखाचा आहे. मोटरच्या बैठकीच्या वरच्या स्क्रूंमागे वॉशर घालून तिचं तोंड दोन-तीन अंश खाली करा. पण थ्रॉटल दिल्यावर लगेच नाही, वेग वाढत गेला तसतसं नाक हळूहळू वर येत असेल, तर तो डेकलाज. हे "लगेच" आणि "हळूहळू" फार महत्त्वाचं आहे. व्हिडिओ काढ आणि दहा वेळा बघ, डोळ्याला मैदानात कळत नाही.

तिसरी परीक्षा जास्त धीराची. भरपूर उंचीवर, थ्रॉटल बंद, नाक तीस-चाळीस अंश खाली, आणि एलिव्हेटरची काडी सोडून दे. विमान स्वतःहून सावकाश सावरलं तर देवाला नमस्कार करून घरी या. झटक्याने वर उसळलं तर सीजी पुढे आणि डेकलाज जास्त. आणखी खोल जायला लागलं तर लगेच सावर आणि सीजी पुढे आण, कारण ते विमान एक दिवस नक्की जमिनीत जाणार. ही परीक्षा क्लबमधल्या कोणा जुन्या माणसाच्या हातून करून घ्या. तुमच्याकडे क्लब आहेत, नोंदणी आहे, विमाही सक्तीचा आहे, तेवढा तर फायदा घ्या.

सीजी बरोबर असूनही सरळ उडायला एलिव्हेटर सतत खाली ट्रिम करावा लागत असेल, तर उतरल्यावर ट्रिम न हलवता तो कोन मोज. एलिव्हेटर चार अंश खाली असेल तर शेपटीच्या दृष्टीने ते साधारण दोन अंश. तेवढंच पंखातून काढायचं. पंखाची मागची कड वर उचलायची, पुढची नाही. २२० च्या कॉर्डला हिशोबाने साडेसात मिलिमीटर येईल, पण आधी निम्मंच घाला, उडवा, बघा. शिम, म्हणजे मध्ये घालायची पट्टी, धडाच्या रुंदीभर बसेल अशी घ्या. एका कोपऱ्यात खोचली तर रबरबँडच्या ताणाने पंख तिरपा बसतो. प्लाय घ्या, पुठ्ठा दाबला जातो आणि दवाने फुगतो. भोसरीत मी लेझर कटिंगवाल्याकडून स्क्रॅपमधल्या पातळ पट्ट्या मागून आणते, तो हसतो आणि देतो.

हे झाल्यावर डावा आणि उजवा पंख पंखाच्या टोकाजवळही मोज. हे कोणी करत नाही. टोकाकडे कोन मुळापेक्षा दोनेक अंश कमी असेल तर चांगलं आहे, ते मुद्दाम ठेवलेलं असतं, म्हणजे स्टॉल आधी मुळाशी होतो आणि विमान धपकन कुशीवर पडत नाही. पण तो कमीपणा दोन्ही बाजूंना सारखा हवा. एक बाजू दुसरीपेक्षा अर्धा अंश जास्त असली तरी एलेरॉनच्या, म्हणजे पंखाच्या हलणाऱ्या पट्ट्यांच्या, ट्रिमवर विमान सरळ उडतं, सगळे खूश होतात, आणि उतरताना वेग कमी झाला की जास्त कोनाची बाजू आधी स्टॉल होऊन खाली जाते. लोक वाऱ्याला शिव्या देतात. आमच्याकडे बाल्साचा पंख जुलैच्या दमटपणात पीळ खातो, तुमच्याकडे फोमचा गाडीच्या मागच्या काचेखाली उन्हात. कंपनीत मी कोनाच्या सेकंदांच्या हिशोबात जॉब रिजेक्ट करते, पण इथे सांगते: पंख-शेपटीत अर्ध्या अंशाची चूक चालेल, डाव्या-उजव्यात पावाच्या वर नको.

तुझ्या लेकाला हे सगळं एका दुपारी हातात द्यायचं असेल तर बाजारातला फोमचा हाताने फेकायचा ग्लायडर आण. पंख खाचेत सरकवायचा असतो तसला. खाचेत कागदाची एकेक घडी पुढे, मग मागे, घालून फेकायला सांग. आमच्या सोसायटीच्या पोडियमवर मुलं हाच उद्योग करतात आणि सिक्युरिटीवाले काका ग्लायडर बोगनवेलीतून काढून देतात. मोटरचं विमान मात्र इथे काढायची सोय राहिलेली नाही. कोकणे चौकाच्या आसपास जिथे शेतं होती तिथे आता बारा मजले आहेत. लोहगावचा विमानतळ फार लांब नाही, लष्कराच्या जागाही जवळ. ड्रोन रूल्स २०२१ आल्यापासून आधी डिजिटल स्कायचा नकाशा बघायचा, हिरवा असेल तरच, तोही ४०० फुटांच्या आत, आणि विमानतळापासून आठ ते बारा किलोमीटरच्या पट्ट्यात २०० फुटांच्या आत. आम्ही पहाटे चाकणच्या पलीकडे जातो, शेतमालकाला विचारून. ऊन चढायच्या आत वारा पडलेला असतो.

तुझ्या गावची हवा आमच्यापेक्षा किंचित दाट आहे. पुणे समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरच्या वर, इथे हवा जवळजवळ पाच टक्के विरळ, तुझ्याकडे अडीच. त्याने तुमच्या विमानाचं काही बिघडलेलं नाही. घरातल्यांनी हे कारण पुढे केलं तर ऐकून घेऊ नकोस.

मला पाठवायच्या गोष्टी: कॉर्ड, शेपटी शून्य धरून चारही कडांच्या उंच्या, टोकाजवळच्या सुद्धा, बॅटरीचं जुनं आणि नवं वजन, आणि थ्रॉटल देतानाचा बाजूने काढलेला व्हिडिओ. "थोडंसं वर आहे" असं लिहिलंस तर उत्तर मिळणार नाही. आकडे मिलिमीटरमध्ये. आणि दिवाळीला येणार असशील तर येताना चांगली पातळ प्लाय आण, पाऊण मिलिमीटरची. भाच्याने नवा पंख करायला घेतलाय आणि माझा ओटा गेले कित्येक दिवस मोकळा झालेला नाही.

काकूंना नमस्कार सांग.

तुझीच,
मेट्रॉलॉजीवाली